अन्नविषबाधा : लक्षणे, कारणे आणि उपचार

(वर्षावासातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत धम्मावर अधिकारी वक्ते बोलतात. आम्हाला मंडळाने आरोग्यावर बोलण्यास सांगितले आणि विषय दिला अन्नविषबाधा. वरवर पाहता हा विषय दवाखान्यातला वाटतो. पण आपले वर्षभराचे कार्यक्रम डोळ्यांसमोर आणा. १४ एप्रिलला परमपूज्य बाबासाहेबांची जयंती, वैशाखात बुद्ध पौर्णिमा, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास, १४ ऑक्टोबरला आणि अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीची वारी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी. यातला एकही दिवस भोजनदानाशिवाय जात नाही. कुठे खीर, कुठे मसालेभात, कुठे पुरी-भाजी, तर कुठे नुसते पाण्याचे आणि सरबताचे पिंप. आता ऋतू पाहा. एप्रिल-मे म्हणजे विदर्भ-मराठवाड्यात चाळीस अंशांच्या पुढचे ऊन. वर्षावास म्हणजे पावसाळ्यातले गढूळ पाणी. ऑक्टोबरात पुन्हा उकाडा, आणि डिसेंबरात एक-दोन दिवसांचा रेल्वेप्रवास व घरून बांधून घेतलेली शिदोरी. म्हणजे ज्या दिवशी आपण सर्वांत जास्त माणसे जेवू घालतो, नेमके त्याच दिवशी अन्न बिघडण्याची भीती सर्वांत जास्त असते. म्हणून हा विषय दवाखान्याआधी आपल्या मंडळाचा आहे.

विटाळ कशाचा?

आपल्या समाजाला 'विटाळ' हा शब्द चांगला माहीत आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर तळे बाटले म्हणून सनातन्यांनी १०८ घागरी दूध, दही, गोमूत्र आणि शेण त्यात ओतून ते 'शुद्ध' केले. यात क्रौर्य होतेच, पण अज्ञानही होते. पाण्यातून पटकी पसरते हे डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये लंडनमध्ये दाखवून दिले होते. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये आपल्याच देशात, कलकत्त्यात, पटकीचा जंतू रुग्णांच्या शरीरात आणि तळ्याच्या पाण्यातही पाहिला होता. म्हणजे महाडच्या ४३ वर्षे आधीच विज्ञानाने सांगून ठेवले होते की, पाणी माणसाच्या स्पर्शाने बाटत नाही, ते विष्ठेने बाटते. स्वच्छ हाताने पाणी घेणाऱ्यांना अपवित्र ठरवून त्याच पाण्यात शेण ओतले गेले, हे आपल्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.

पण याची दुसरी बाजूही आहे. जंतू जात पाहत नाही, आणि तो आपला-परकाही पाहत नाही. अन्न आपल्या माणसांनी, श्रद्धेने, धम्मकार्यासाठी रांधले म्हणून ते आपोआप निर्दोष होत नाही. जो विवेक आपण चवदार तळ्याकडे पाहताना वापरतो, तोच आपल्या खिरीच्या पातेल्याकडे पाहताना वापरला पाहिजे.

लक्षणे : 'काय खाल्ले' याबरोबर 'केव्हा खाल्ले'

मळमळ, उलट्या, पोटात कळा, जुलाब, कधी ताप, अंग गळून जाणे ही अन्नविषबाधेची नेहमीची लक्षणे. मात्र ती सर्व एकाच वेळी, एकाच क्रमाने येत नाहीत. जेवणानंतर किती तासांनी काय सुरू झाले, यावरून कारणाचा पुष्कळ अंदाज येतो.

जेवणानंतर अर्ध्या तासापासून सहा-आठ तासांच्या आत जोराच्या उलट्या सुरू झाल्या, ताप नाही, तर अन्नात आधीच तयार झालेले विष पोटात गेले असावे. दुधाचे पदार्थ, पेढे, खीर यांत स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू हे विष तयार करतो, तर शिळ्या भातात बॅसिलस सीरियस.

सहा ते चोवीस तासांनी पोटात कळा येऊन पातळ जुलाब झाले, उलट्या व ताप फारसा नाही, तर क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जंतूचा संशय घ्यावा. मोठ्या पातेल्यात सावकाश निवलेले मटण, चिकनचा रस्सा किंवा वरण यात तो वाढतो. हा त्रास बहुधा एका दिवसात ओसरतो.

ताप, कळा आणि जुलाब बारा तासांपासून दोन-तीन दिवसांच्या आत सुरू झाले, तर साल्मोनेला असू शकतो. तो अर्धवट शिजलेली अंडी व कोंबडी यांतून, तसेच दूषित हातांतून येतो. जुलाबात रक्त व शेंब पडून ताप असेल, तर शिगेलामुळे होणारी रक्ती आव असण्याची शक्यता असते. भाताच्या पेजेसारखे पांढुरके, पाण्यासारखे जुलाब धो धो होऊ लागले, तर ती पटकी समजावी. पटकी पाण्यातून काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत केव्हाही प्रकट होते आणि धडधाकट माणसाला काही तासांत कोरडा करून टाकते.

एक लक्षण क्वचित दिसते, पण ते कधीही दुर्लक्षू नये. डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणे, पापण्या जड होऊन मिटणे, गिळता न येणे, बोलणे अडखळणे, ही बोट्युलिझम या घातक विषबाधेची चिन्हे आहेत. अशा वेळी घरगुती उपाय करीत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे.

यातून विद्यार्थ्यांनी एक गोष्ट शिकावी. पोट बिघडले की आपण शेवटच्या जेवणाला दोष देतो. पण जंतू पोटात शिरून वाढायला वेळ लागतो. आज सकाळच्या जुलाबाचे कारण काल रात्रीचे सार्वजनिक जेवण नसून परवाचे पाणी असू शकते. म्हणून तास मोजावेत. आजारी माणसांना विचारावे, तसेच जे आजारी पडले नाहीत त्यांनाही काय खाल्ले ते विचारावे. खीर खाल्लेले आजारी आणि खीर न खाल्लेले ठणठणीत, असे दिसले तर संशयाचे बोट खिरीकडे वळते.

कारणे : घड्याळ, ऊब आणि हात

अन्नातले जंतू साधारण ५ ते ६० अंश सेल्सियस या पट्ट्यात वाढतात. अनुकूल ऊब मिळाली तर एका जंतूचे वीस मिनिटांत दोन होतात. विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा. सात तासांत असे एकवीस वेळा दुप्पट होते आणि एका जंतूचे वीस लाखांहून अधिक होतात. जयंतीच्या आदल्या मध्यरात्री खीर करून ती मिरवणुकीनंतर दुपारी वाटणे म्हणजे काय, हे या हिशेबावरून कळावे. अशा खिरीला वास येतोच असे नाही, आणि चवही बदलतेच असे नाही.

दुसरी समजूत अशी की, 'पुन्हा उकळले म्हणजे झाले.' हे अर्धेच खरे आहे. उकळीने जंतू मरतात, पण स्टॅफिलोकॉकसने अन्नात सोडलेले विष उकळीलाही दाद देत नाही. शिळ्या भातातले उलटीचे विषही तसेच. शिवाय बॅसिलस सीरियस आणि क्लॉस्ट्रिडियम यांचे बीजाणू उकळत्या भांड्यातही जिवंत राहतात आणि भांडे निवू लागले की पुन्हा जागे होतात. पन्नास किलो भाताचे पातेले झाकून ठेवले तर त्याचा मधला भाग तासन् तास कोमट राहतो. जंतूंना याहून चांगले घर नाही.

तिसरे कारण म्हणजे हात. बोटाला जखम किंवा गळू असलेला माणूस पेढे वळतो, जुलाब होत असलेला कार्यकर्ता 'माणसे कमी आहेत' म्हणून वाढायला उभा राहतो, शौचाहून आल्यावर हात नुसते पाण्याने ओले केले जातात. स्टॅफिलोकॉकस तर निरोगी माणसाच्या नाकात आणि कातडीवरही राहतो. कच्चे मटण कापलेली सुरी आणि पाट न धुता त्यावरच कांदा-काकडी चिरली, तरी तेच होते.

चौथे पाणी. विहिरीजवळचे सांडपाणी, फुटकी नळजोडणी, न घासलेले टँकर आणि पिंपे, आणि कोठल्या पाण्याचा केला हे कळत नाही असा बर्फ. सरबत गार केले म्हणून ते शुद्ध होत नाही. बर्फात जंतू मरत नाहीत.

पाचवे कारण जंतूंचे नाही, रसायनांचे आणि बुरशीचे आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातल्या गंडामन येथे शाळेतले मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलेले आढळले. आपल्या शेतमजूर कुटुंबांत फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे धुऊन तेला-पाण्यासाठी वापरले जातात. ते डबे कितीही धुतले तरी वापरू नयेत, ते चेपून निकामी करावेत. बुरशीचे उदाहरण भगरीचे. भगरीला दमट हवेत बुरशी लागते आणि तिचे विष पोटात जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात सोमठाणा येथे धार्मिक सप्ताहात भगर आणि आमटी खाऊन शेकडो लोक आजारी पडले. खाटा अपुऱ्या पडल्याने अनेकांना उघड्यावर झोपवून, दोरीला सलाईनच्या बाटल्या अडकवून उपचार करावे लागले. हे कोणाच्या श्रद्धेवर बोट ठेवण्यासाठी आम्ही सांगत नाही. उद्या हीच पाळी कोणाच्याही मंडपात येऊ शकते.

उपचार : आधी पाणी

अन्नविषबाधेत माणूस बहुधा विषापेक्षा शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने दगावतो. म्हणून पहिला उपचार पाण्याचा. हा उपचार जगाला पटवून देणारे एक डॉक्टर आपल्या देशातलेच. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली आणि सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी पिंपांतून नातेवाइकांच्या हाती दिले आणि रुग्णांना पाजायला लावले. छावणीतले मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. २०२३ मध्ये भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. जे पाणी आई घरी पाजू शकते, ते मोठ्या रुग्णालयाइतकेच काम करते, हा त्यातला धडा आहे.

हेच आजचे ओआरएस, म्हणजे जलसंजीवनी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे २०.५ ग्रॅमचे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवावे आणि ते पाणी २४ तासांत संपवावे, उरल्यास फेकावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ घालावे. मीठ जास्त झाले तर बाळाला अपाय होतो. म्हणून पाजण्यापूर्वी चव पाहावी, पाणी अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. पाकीट घेताना सूत्र वाचून घ्यावे. बाजारातली गोड पेये म्हणजे जलसंजीवनी नव्हे, जास्त साखरेने जुलाब वाढतात.

दोन वर्षांखालील बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर आणि मोठ्यांना हवे तितके द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करावे. अंगावरचे दूध बंद करू नये. 'पोटाला विश्रांती' म्हणून उपाशी ठेवणे चूक आहे. पेज, मऊ भात, वरणाचे पाणी, ताजे ताक, केळे द्यावे. मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने १० ते १४ दिवस झिंक द्यावे. सहा महिन्यांच्या वरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहान बाळाला १० मिलिग्रॅम.

काय करू नये तेही सांगतो. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करवू नये. जुलाब 'बांधण्याच्या' गोळ्या लहान मुलांना तसेच ताप किंवा रक्त असताना कोणालाही देऊ नयेत. त्याने विष आतच कोंडते. प्रतिजैविके मनाने घेऊ नयेत, बहुतेक विषबाधा त्यांच्याशिवाय बऱ्या होतात. आणि अंगारा-धुपारा, नजर काढणे यात एक तासही घालवू नये. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांचे स्मरण अशा वेळीच उपयोगी पडते.

पुढील चिन्हे दिसली तर ताबडतोब प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी : जुलाबात रक्त, जास्त ताप, प्यायलेले पाणीही न टिकणे, सहा-आठ तास लघवी न होणे, खोल गेलेले डोळे, कोरडी जीभ, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश बसणे, मूल सुस्त पडणे किंवा रडताना अश्रू न येणे. तान्ही बाळे, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्या बाबतीत ही चिन्हे दिसेपर्यंत वाट पाहू नये. कीटकनाशकाचा संशय असेल तर त्याचा डबा बरोबर न्यावा, म्हणजे डॉक्टरांना औषध ठरवता येते.

शुश्रूषेविषयी विनयपिटकातली एक कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. अतिसाराने पीडित एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडला होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदासह स्वतःच्या हाताने त्याला धुतले, खाटेवर निजवले आणि रुग्णाची सेवा ही आपलीच सेवा असे भिक्खूंना बजावले. जुलाबाच्या रुग्णाची किळस करणाऱ्याने ही कथा आठवावी. सेवा करावी, आणि सेवेनंतर हात साबणाने धुवावेत.

भोजनदानाचे नियम

मंडळाच्या कार्यकर्त्यांपुढे आम्ही काही सूचना ठेवतो.

१. अन्न वाटपाच्या वेळेला धरून शिजवावे. शिजल्यापासून दोन तासांत आणि कडक उन्हात एका तासात ते वाढून संपवावे. उशीर होणार असेल तर ते वाफ निघेल इतके गरम ठेवावे.

२. भात मोठ्या पातेल्यात दाबून ठेवू नये. कमी प्रमाणात, दोन-तीन वेळा लावावा.

३. उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी वस्तीत वाटू नये. भिक्खूंनी अन्नाचा साठा करून दुसऱ्या दिवशी खाऊ नये असा विनयाचा नियम आहे. उपासकांनीही सार्वजनिक भोजनात तो पाळावा.

४. जुलाब, उलट्या, हातावर जखम असलेल्या कार्यकर्त्याला त्या दिवशी दुसरे काम द्यावे. हात धुण्यासाठी पाणी व साबण स्वयंपाकाच्या जागेजवळ आणि शौचालयाजवळ, दोन्हीकडे असावे.

५. पिण्याचे पाणी खळखळून उकळावे किंवा आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने क्लोरीन घालून अर्ध्या तासाने वापरावे. पिंपात हात बुडवू नये, तोटी किंवा ओगराळे असावे. भिक्खूच्या परिष्कारांत पाणी गाळण्याचे वस्त्र असतेच. मात्र गाळलेले पाणी निर्जंतुक नसते, हे लक्षात ठेवावे.

६. चैत्यभूमीला व दीक्षाभूमीला जाताना भाकरी, सुकी चटणी, भाजलेले शेंगदाणे, चिवडा न्यावा. कोरड्या पदार्थांत जंतू सहज वाढत नाहीत. रस्सा, भात, दुधाचे पदार्थ प्रवासात नेऊ नयेत.

७. प्रत्येक पदार्थाचा थोडा नमुना स्वच्छ झाकणाच्या डब्यात, शक्य तेथे फ्रीजमध्ये, दोन दिवस ठेवावा.

विषबाधा झालीच तर

शेवटी सर्वांत अवघड गोष्ट. काळजी घेऊनही विषबाधा झाली तर मंडळे गप्प बसतात. नाव जाईल, विरोधक हसतील, देणगीदार तुटतील, स्वयंपाक करणाऱ्या बाईला लोक बोल लावतील. या भीतीत दोन-चार तास जातात, आणि तेच तास एखाद्या बाळाच्या किंवा म्हातारीच्या जिवाचे असतात. दुसरीकडे काही जण लगेच कोणाचे तरी नाव घेऊन त्याला गुन्हेगार ठरवून मोकळे होतात.

या प्रसंगी कसे वागावे याचा आदर्श महापरिनिब्बानसुत्तात आहे. पावा येथे चुंद नावाच्या लोहाराने दिलेल्या भोजनानंतर भगवंतांना रक्तातिसाराची तीव्र व्याधी झाली. त्या भोजनातला सूकरमद्दव हा पदार्थ म्हणजे नेमके काय, यावर विद्वानांत मतभेद आहेत. आपल्याला त्या वादात पडण्याचे कारण नाही. भगवंतांनी दोन गोष्टी केल्या. तो पदार्थ इतर कोणाला वाढू दिला नाही, उरलेला खड्ड्यात पुरायला लावला. आणि पुढे आनंदाला सांगितले की, आपल्या हातून अनर्थ झाला अशी खंत चुंदाच्या मनात राहू देऊ नका, त्याच्या दानाचे पुण्य मोठे आहे. अन्नाच्या बाबतीत सावधपणा आणि माणसाच्या बाबतीत करुणा, ही दोन्ही एकाच वेळी.

आपणही तेच करावे. वाटप त्याच क्षणी थांबवावे. ध्वनिक्षेपकावरून स्पष्ट सांगावे की, अमुक पदार्थ खाऊ नका, घरी नेलेला असल्यास मुलांना देऊ नका. आजारी माणसांना जलसंजीवनी सुरू करावी. आरोग्य केंद्राला आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवावे. अन्न पुरून टाकण्याआधी त्याचा नमुना तपासणीसाठी द्यावा, कारण कारण कळल्याशिवाय पुढची विषबाधा टळत नाही. आणि ज्या भगिनीने रात्रभर चुलीपुढे बसून रांधले, तिच्या घरी जाऊन तिला धीर द्यावा. जिला लोक गुन्हेगार ठरवतील ती खरे सांगणार नाही, आणि खरे कळले नाही तर उपचार चुकतील.

दान देणाऱ्याची भावना शुद्ध असावी असे आपण नेहमी म्हणतो. भावनेबरोबर त्याचे हात, भांडी, पाणी आणि घड्याळही शुद्ध असावे, एवढीच आमची विनंती आहे. विद्यार्थ्यांनी जलसंजीवनी करण्याची रीत आजच घरी जाऊन आईला आणि शेजाऱ्यांना दाखवावी, आणि येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या भोजनदानात प्रत्येक पातेल्यावर ते कधी शिजले याची वेळ खडूने लिहावी. 

नमो बुद्धाय, जय भीम.